जाऊबाईंसाठी रुंद वाट

लग्न होऊन गोहुंगच्या किनाऱ्यावर आली, तेव्हा पिलसुनला मुळ्याचं रोप कुठलं आणि मोहरीचं कुठलं, तेही कळत नव्हतं. थोरली जाऊ जोमरे हिने तिला हाताला धरून सगळं शिकवलं. पुढे पन्नास वर्षं दोघींनी एकाच परसात मिरची, लसूण आणि किमचीच्या तिखट लोणच्यासाठी कोबी लावला.

मग जोमरेचे गुडघे गेले. गावातल्या इतर म्हाताऱ्यांसारखी तीही नातवाची जुनी बाबागाडी ढकलत, तिच्या आधाराने चालू लागली. परसातल्या वाटा मात्र जेमतेम पाऊलभर. त्या वसंतात ती कुंपणाशीच थांबली. "तू लाव गं, मी इथूनच बघते," म्हणाली आणि बघत राहिली समुद्राकडे.

पिलसुनला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने सुतळीने गाडीची रुंदी मोजली, वर दोन विती जादा धरल्या आणि मिरचीसाठी केलेले दोन वरंबे सरळ मोडून टाकले.

शेजारचा दोकसू कुंपणावरून म्हणाला, "काकू, यंदा किमचीत तिखटाऐवजी माती घालणार वाटतं?"

"घालीन की. पहिलं ताट तुझं."

आधी तिने भाताचं तूस पसरलं. दिसायला झकास, पण चाकं रुतली. ते सगळं उपसून तिने कालवं फोडायच्या शेडमागचे शिंपले पाठीवरून वाहून आणले. आठ दिवस तेच चाललं होतं. शिंपले कुटले, चोपून घट्ट बसवले, टोकं बोचू नयेत म्हणून वर चाळलेली माती दाबली. पाणी साचू नये म्हणून एका अंगाला उतार दिला. वाटेच्या टोकाशी गाडी वळवण्यापुरती गोल जागा सोडली, कारण जोमरेला मागे पाऊल टाकता येत नव्हतं.

जोमरे आली. टोकापर्यंत गेली, वळली आणि मिरचीच्या रोपांपाशी थांबली.

"किती दाट लावलीस गं. पन्नास वर्षांत एवढंही शिकली नाहीस?"

"चुकलंच, जाऊबाई," म्हणत पिलसुन खाली बसली आणि मधली रोपं उपटू लागली. डोळे भरून आले होते, म्हणून मान वर केली नाही.

त्या वर्षी मिरची कमी पडली. दोकसूने आपली दिली, आणि दोन टोमणेही. जोमरे पुढे चार वर्षं रोज सकाळी आत येत राहिली, गाडीत काकड्या भरून परतत राहिली. आता गावातल्या आणखी तीन परसांत तशा वाटा आहेत. तिन्ही ठिकाणी शिंपले चोपायला पिलसुन स्वतः गेली होती. तेव्हा तिचं वय पंच्याहत्तर.