पायरीवरचा माईक
माईकवर कोणी फुंकर मारली की मला वैरागजवळच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गुरव रोज गावाच्या बातम्या सांगायचे, रेशन आलंय, कुणाची हळद आहे, कुणाचा दहावा. त्या दिवशी आमच्या आळीत एका मुलीची हळद होती, पण शेजारचा कर्ता माणूस नुकताच गेलेला, म्हणून मुलीच्या वडिलांनी हलगीवाल्यांना नको म्हणून कळवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात त्या गेलेल्या माणसाची बायको देवळाशी आली. सुतकात देवळात जायचं नसतं, म्हणून ती पायरीखालीच उभी राहिली. गुरवांनी वायर ओढत माईक बाहेर आणला आणि तिच्या तोंडापुढं धरला. "आज सांजच्याला हळद हाय, समद्यांनी जावा," तिचा आवाज घरोघरी पोचला, "हलगी बी वाजू द्या. ह्यांनी त्या पोरीला खांद्यावर खेळवलंय." संध्याकाळी हलगीवाले तिच्या दारासमोर आले आणि आपोआप थांबले. आतून ती म्हणाली, "थांबलासा का? वाजवा की." आता गावाकडची आमंत्रणं फोनवर येतात, आणि ती मी अजून त्याच आवाजात वाचतो.