अण्णाचं पॅकेज वगळून

मंडळी, आज सकाळी ऑफिसात आमचं बिल्ड, म्हणजे कोड जोडून प्रोग्राम तयार करायचं काम, अडलं. आमचा प्रोग्राम ज्या पॅकेजवर, म्हणजे आयत्या कोडच्या संचावर, अवलंबून आहे, ते माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने लिहिलेलं. अण्णा दोन महिन्यांपूर्वी गेला. प्रोग्रामच्या नव्या व्हर्जनशी ते पॅकेज आता जुळत नाही.

शेजारी बसणारी काव्या हळूच म्हणाली, “अक्का, बेजार मानू नको, मनाला लावून घेऊ नको. काढूया का ते?”

मला ते काढवेना. त्याचं चालू असलेलं काम तेवढंच उरलं होतं.

बिल्डचे ऑप्शन उघडले, तर ते पॅकेज वगळायची सोय आधीच होती. शेजारी नाव आणि तारीख होती: आजारपणात अण्णानेच करून ठेवलेली. मी ती निवडली. बिल्ड लगेच झालं.

घरी आई अजून त्याच्या वाटणीची कॉफी गाळते. आजही गाळली. त्याचा कप भरून ठेवला, आणि मी तो उचलला नाही.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचा कप कोणी उचलून ठेवला?