सातव्या साहेबाला शिकवणार नाही

हिंगण्याच्या त्या कंपनीत ट्रॅक्टरमध्ये बसणाऱ्या वायरींचे जुडगे बांधतात. वंदना तिथे सव्विसाव्या वर्षी लागली, त्याला पंधरा वर्षं झाली. वडील रामाजी उमरेडला हातमागावर बसायचे. माग बंद पडल्यावर ते वॉचमन झाले. वंदनाने आयटीआय केलं, लग्न होऊन नंदनवन वस्तीत राहायला आली आणि रोज पहाटे कंपनीच्या बसने कामाला जाऊ लागली.

कोणती वायर कुठे चुकते, हे तिच्याइतकं लाइनवर कुणालाच कळत नव्हतं. म्हणून नवा सुपरवायझर आला की शिफ्ट मॅनेजर संजीव त्याला तिच्या शेजारी उभा करायचा. असे सहा जण तिने तयार केले. स्वतः तिने त्या जागेसाठी तीनदा अर्ज केला. मुलाखत इंग्रजीत. प्रश्न समजायचे, उत्तर जिभेवर अडकायचं. तिन्ही वेळा शेरा एकच : संवादकौशल्य कमी.

मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं, की बायका, खेड्यातली मुलं, अपंग अशा सगळ्यांना संधी द्यायची आणि पुढे न्यायचं. त्यासाठी पुण्याहून रुचिका नावाची तरुण अधिकारी आली. ती थेट वंदनाकडे गेली.

"वंदनाताई, भंडारा-गडचिरोलीच्या वीस मुली येतायत. त्यांना तुम्ही शिकवा. आणि अभिजीत म्हणून नवे सुपरवायझर येतायत, त्यांनाही. तुम्हाला मार्गदर्शकाचा बॅज देऊ."

"बॅज राहू द्या मॅडम," वंदना म्हणाली. "मुली शंभर आणा, शिकवते. पण साहेब नाही. सहा झाले. सातव्याले नाही शिकवत मी."

संजीव भडकला. "ही कामचुकारी आहे!"

"माझ्या नेमणूकपत्रात साहेबाले शिकवाचं लिहिलं असंन तर दाखवा."

कुणी दाखवलं नाही. तिला मात्र लाइनवरून काढून स्टोअरमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. पहिले काही दिवस तिला फार लागलं. घरी नवरा जितेंद्र म्हणाला, "काहून भांडून राहिली तू? सोड ना."

"मी सोडलं तर त्याहिले बरंच होईन," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत त्या वीस मुली डबे घेऊन तिच्याकडे येत. वायरीचे तुकडे मांडून ती त्यांना शिकवायची. एके दिवशी कोऱ्या कागदावर तिने मराठीत चार पानी पत्र लिहून ऑफिसात दिलं. सहा सुपरवायझरांची नावं, प्रत्येकाला किती दिवस शिकवलं ते, आणि शेवटी एक प्रश्न : माझं संवादकौशल्य कमी आहे, तर हे सहा जण माझ्याकडून शिकले कसे?

संजीवने ते पत्र दाबायचं ठरवलं होतं. रुचिकाने त्याला न विचारता पुण्याच्या मुख्य ऑफिसला पाठवलं. दोघांचं जोरात वाजलं, पण पत्र गेलं होतं.

दोन महिन्यांनी हुकूम आला. सुपरवायझरची मुलाखत यापुढे उमेदवाराच्या भाषेत, आणि लाइनवरच. एका रिकाम्या जागेसाठी आठ जण बसले. मुद्दाम बिघडवलेल्या तीन जुडग्यांतली चूक वंदनाने बोलता बोलता दाखवली. सगळ्यांत जास्त गुण तिचे.

तरी जागा तिला मिळाली नाही. पहिल्यांदा सुपरवायझर होणाऱ्याचं वय चाळिशीच्या आत हवं, असा नियम निघाला. तिला एक्केचाळीस पूर्ण झाली होती. जागा दुसऱ्या नंबरच्या धनश्रीला गेली. ती नऊ वर्षं वंदनाच्या शेजारी काम करत होती. धनश्री रडायलाच लागली.

"मी नाही म्हणून सांगते ताई."

"नाही म्हणशील तर तुयं तोंड पाहणार नाही मी. हो म्हण वं. जे येत नाही ते मले विचार."

वंदनाला लाइनवर परत घेतलं. संजीवने तिला गाठून विचारलं, "आता तरी झालं ना समाधान?"

"नाही झालं साहेब."

त्याच आठवड्यात तिने रुचिकाकडे दुसरं पत्र दिलं, एकाच पानाचं : 'पहिला अर्ज मी बत्तिसाव्या वर्षी केला. वय माझं वाढलं, पण वर्षं तुम्ही घालवली. वयाची अट काढा.'

उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी शिफ्ट सुटली की वंदना रुचिकाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहते आणि विचारते, "आलं का मॅडम?" नाही म्हटलं की, पुढच्या सोमवारी येते, असं सांगून बस पकडते.