आतोबा आणि लहान सेन्सर

आमच्या हिच्या आतोबांइतकं कॅमेऱ्यातलं कळणारा माणूस अख्ख्या पुण्यात नसेल, आणि कॅमेरा घ्यायला निघालेल्याला त्यांच्याइतकं छळणाराही नसेल. आतोबा म्हणजे हिच्या आत्याचे यजमान. नकाशे काढण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन शनिवार पेठेत राहतात. सल्ला मागायला जाणारे बहुतेक जण सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपचं, माप पाठ करून जातात आणि तिथेच फसतात. "सेन्सर मोठा म्हणून कॅमेरा घेणं म्हणजे हॉल मोठा म्हणून फ्लॅट घेणं," आतोबा म्हणतात. "पाणी किती वेळ येतं, विचारलंत का?" मग उलटतपासणी सुरू होते. पुढे दुसरी लेन्स परवडेल का, बिघडला तर दुरुस्त कोण करणार, डोळे मिटून बटण सापडतं का. एकदा आयटीतला एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम आहे, लो लाइटमध्ये एकदम भारी!" आतोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अंधारात आपण नेमकं काय काढणार आहात?" त्याला खडकवासल्याचे पक्षी काढायचे होते, तेही सकाळच्या उन्हात. मग त्याला तासभर बसवून, लहान सेन्सर घेतला तर लांबचं टिपणारी लेन्स किती हलकी पडते, हे आतोबांनी कागदावर काढून दाखवलं. तो मुलगा आजही त्यांना पक्ष्यांचे फोटो पाठवतो.

माझी परीक्षा वेगळी झाली. माझ्या मनात भरलेला कॅमेरा आणि त्याच्या दोन लेन्स यांच्या वजनाची त्यांनी बेरीज केली आणि तेवढी, म्हणजे अडीच किलो, तूरडाळ पिशवीत भरून माझ्या गळ्यात अडकवली. "आठ दिवस ही घेऊन हिंडा, मग बोलू." वारज्यात, आमच्या सोसायटीत, माझी चांगलीच शोभा झाली. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. आठव्या दिवशी आतोबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं फक्त. "डिकीत ठेवलीत ना? कॅमेराही तिथेच राहिला असता." मी मुकाट्याने खिशात मावणारा घेतला. तो अजून रोज बरोबर असतो.

गेल्या हिवाळ्यात आत्यांचा फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जा. यांनी सगळे कॅमेरे विकायला काढलेत." गेलो, तर पलंगावर लेन्स ओळीने मांडलेल्या. आतोबांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. खिडकीशी शब्दकोडं सोडवणाऱ्या आत्यांचा रोज सकाळी एक फोटो काढायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. दोन महिने एकही फोटो धड आला नव्हता. "हात हलतो. संपलं," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पण त्यांच्याच तालमीतला मी. विचारलं, "आपल्याला फोटो कशाचा काढायचाय?"

"हिचा."

"किती लांबून?"

"या खुर्चीवरून."

"वजन किती पेलवेल?"

आधी ते चिडले, मग हसले. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारे हलके कॅमेरे असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या कॅमेऱ्यांना आतोबांच्या जुन्या लेन्स बसणार नव्हत्या. जन्मभर जीव लावलेलं ते सगळं सोडायचं होतं. रात्र त्यांनी कशी काढली कोण जाणे, सकाळी मी न्यायला गेलो तेव्हा मात्र टोपी घालून दारात उभे होते. दुकानात अर्धा तास त्यांनी एकच कॅमेरा हातात धरला, डोळे मिटून बटणं चाचपली. शेवटी विक्रेत्याला राहवलं नाही. "काका, याचा सेन्सर लहान आहे हो."

"बायको पाच फूटच आहे माझी. मावेल."

घरी येऊन त्यांनी पहिला फोटो काढला. आत्यांच्या कपाळावरची आठी, चष्म्याची दोरी, केसन् केस स्वच्छ आला होता. आतोबा तो पडदा डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "एवढी पांढरी कधी झाली ही?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"काढलात ना एकदाचा?" आत्या म्हणाल्या. "उठू का आता?"

कॅमेरा मांडीवर ठेवून आतोबा नुसतेच त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "थांब. अजून थोडी थांब."