सायकलवरचा मुराळी

नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला जो जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. माझी धाकटी बहीण कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. आमच्या हट्ट्याहून औंढा, हिंगोली करत सायकलवर जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पण तिचं लग्न झाल्यापासून मी दर पंचमीला सायकलवरच गेलो. दुसऱ्या दिवशी तिला यष्टीत बसवून द्यायचं आणि आपण मागून सायकल हाणत यायचं. ह्यात मोठेपणा कसला असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. मी चौथीतून शाळा सोडली, माझ्याजवळ दाखवायला दुसरं काय आहे?

पंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावाचा उपास धरतात. बाकीच्या दुपारी भगर खातात, चहा पितात. माझ्या बहिणीचा नेम वेगळा. भाऊ दारात दिसल्याबिगर ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. आता तिचं वय झालं, साखरेच्या आजाराची गोळी चालू झाली, तरी नेम तोच. म्हणून दिवस मावळायच्या आत पोचणं भाग होतं.

यंदा त्या दिवशी पहाटे पोरगं दारात आडवं उभं राहिलं.

"बाबा, जीप हाय ना दारात. काहून जिवाला तकलीफ देऊन राहिले?"

"जीप तुझी हाय. बहीण माझी हाय."

"आत्याचा तरी इचार करा. उपाशी ऱ्हाते ती."

"तुझ्या आत्याला मी तुझ्यापेक्षा जास्ती वळखतो," म्हणलं आणि टांग टाकली.

आभाळानं पहिल्यापासून डोकं फिरवलं. पाऊस पडायचा तर पडावा, उघडायचा तर उघडावा. हा दोन्ही करीना. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली की ऊन पडायचं आणि आत घामानं भिजायचो. खोळ काढून कॅरिअरला बांधली, गाठ मारली, की मागून सर आलीच. वारा सुटला की खोळ शिडावाणी फुगायची आणि सायकल रस्त्याच्या कडेला ओढायची. जवळा बाजारला एका हॉटेलाच्या पत्र्याखाली थांबलो तर पाऊस थांबला, निघालो तर सुरू झाला. असं तीनदा झालं. हॉटेलवाला हसून म्हणाला, "बाबा, तुमी इथंच बसा, म्हणजे गावाला ऊन तरी भेटंल." मी चहा अर्धा टाकून उठलो.

औंढ्यापर्यंत पोराचे फोन चालूच. "कुठवर आले? जीप घेऊन येऊ का?" तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फोन बंद केला, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला आणि पिशवीच्या तळाला घातला. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

हिंगोली सोडायलाच दुपार कलली. पुढं एका चढावर मागून घंटी वाजली. पाच-सहा माणसं, डोक्यावर टोप, अंगात चकचकीत कोट, हलक्याफूल सायकली. नांदेडहून अकोल्याला निघालेली, हौसेनं.

"आजोबा, कुठपर्यंत?" एकानं विचारलं.

"नाक्याच्या पुढं."

"कुठून निघालात?"

"हट्ट्याहून."

"बाप रे! या सायकलवर?" त्यानं मोबाइल काढून माझा फोटो घेतला. मग मोबाइलात बघून म्हणाला, "काळजी करू नका, अर्ध्या तासात उघडतंय." तसं म्हणताना त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं.

ते पुढं गेले ते शिट्टी मारत. मला ते सोसलं नाही. खोटं कशाला लिहू? बहिणीचा उपास त्या घडीला डोक्यातून गेला. सीट सोडून पायडलावर उभा राहिलो आणि चढाला भिडलो. शेवटच्या माणसाला गाठलंसुद्धा. त्यानं वळून "वा आजोबा!" म्हणलं, आणि त्याच वेळी खट् वाजलं. पायडलाचा दांडा आसाला धरून ठेवणारी कॉटर पीन तुटली. पाय खाली गेला, नडगी सोलली. दांडा मोडक्या हातावाणी लोंबू लागला.

ते लोक थांबले. त्यांच्याजवळ पाने होते, पंप होता, पण कॉटर नव्हती. त्यांच्या सायकलीला ती लागतच नाही. पुढच्या फाट्यावरच्या सायकल दुकानदारानंही हात हलवले. "आता कोण ठिवते, बाबा? भंगारात पाहा."

मग लोटत निघालो. पाऊस आता मन लावून पडत होता. फोन काढला तर पन्नीत पाणी, तो सुरूच होईना. टेम्पोवाले, जीपवाले थांबून विचारत होते. मी हातानंच जा म्हणत होतो. दोन गावं चालत मागं टाकली. पश्चिमेला जरा उजेड फाकला आणि सूर्य किती खाली गेलाय ते दिसलं. सकाळपासून तिच्या पोटात पाणी नाही, हे तेव्हा आठवलं. रस्त्यात उभा राहून मी स्वतःलाच शिवी दिली.

पुढचा टेम्पो मीच हात करून थांबवला. सोयाबीनच्या खताची पोती होती, त्यावर सायकल आडवी टाकली आणि बसलो. बहिणीचं गाव दिसायला लागलं तसं ड्रायव्हरला म्हणलं, "इथंच उतरव."

"गाव तर पुढं हाय की."

"उतरव म्हणलं ना!"

सायकल लोटत दारात गेलो. बहीण उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ वाळलेले. भाचा शेजारी साखरेचं पाणी घेऊन उभा. मला बघितलं आणि तिनं आधी तोंड सोडलं.

"फोन काहून बंद केला रे दादा? मी काय काय मनात आणलं! मेला का जिता, कळावं कसं?"

"पाऊस होता," मी म्हणलं.

तिनं घटाघट पाणी पिलं. अर्धं लुगड्यावर सांडलं. जरा दम खाऊन भाच्याकडं वळली. "सांगत होते न्हाई? एवढ्या पावसात सायकलवर आला माझा भाऊ. हाय कोणाचा असा?"

भाच्यानं लोंबणारा दांडा बोटानं फिरवून पाहिला. मग माझ्या पाठीला चिकटलेली खताची पांढरी भुकटी पाहिली.

"मामा, कॉटर कवा तुटली?"

"इथंच. तुमच्या येशीत."

"बराबर," तो म्हणाला आणि सायकल गोठ्यात लावायला घेऊन गेला.

भगर सकाळची, गार होऊन तिची वडी झाली होती. बहीण ती आमटीत कुस्करून भराभर खात होती आणि मधून मधून म्हणत होती, "तू बी घे ना दादा, दमला असशील." मी ताट पुढं ओढलं. माझ्यातली भगर तिच्या ताटात सारली.