चुलत्यानं मारलेलं तण

कुंडलच्या माझ्या बारा गुंठ्यांत एका पावसाळ्यात मी मुद्दाम तण वाढवलं. त्याबरोबर चुलत्याचा रागही वाढला. दोन्ही पिकं जोमात होती.

कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी नुकताच शेतीला लागलो होतो. शेती संशोधनातल्या एक मॅडम साताऱ्याहून येत. त्यांनी प्रयोग सांगितला: पावसाळाभर तण वाढू द्यायचं, बी धरायच्या आत एकदाच फवारून मारायचं, जागेवरच पडू द्यायचं. मुळं आतल्या आत कुजून रान भुसभुशीत होतं. मग नांगर न लावता हरभरा टोकायचा.

बायको म्हणाली, "ह्या वर्साला करा. हरभरा न्हाई आला, तर रान तात्यास्नी कसायला. गावाला हसायला नको."

तात्या म्हणजे तोच चुलता. आमचा बांध एक, बोलणं भांडणापुरतं. रोज सकाळी तो बांधावर येऊन माझी आरती ओवाळायचा.

"आरं, रान हाय का उकिरडा? आपल्या घराण्यात गवत कुणी पोसलं न्हवतं!"

"आवं तात्या, कवळं हाय अजून. जरा मायेनं बघा."

"माझ्या उसात बी उडालं, तर त्याच गवतात पुरीन तुला."

"पुरा की. खत हुईल."

खरं सांगतो, फवारायची वेळ आली होती. पंप धुऊन पडवीत ठेवला होता. पण तात्याला आणखी थोडं जळताना बघावं, या लोभापायी मी रोज उद्यावर ढकललं. तणाला तुरे आले, आणि मी खुशाल सासुरवाडीला आठवडाभर जाऊन आलो.

परत येऊन बघतो, तर सगळं तण पिवळं पडून झोपलेलं. बांधावर तात्या छाती काढून उभा.

"मारलं म्या! जा, पोलिसात जा!"

मी तसाच रानात शिरलो. तुरे तळहातावर चोळून पाहिले. बी धरलं नव्हतं! मग मात्र मी बांधावर बसून जोरात गळा काढला. "तात्या, माझं सोन्यासारखं तण वं!" तात्याचा चेहरा काय खुलला!

तेवढ्यात मॅडम आल्या. "अगदी वेळेवर मारलंत. चार दिवस उशीर झाला असता तर बी गळून सगळा प्रयोग बसला असता. फवारणी कुणी केली?"

मी दोन्ही हात तात्याकडे केले. मॅडमनी त्याला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार त्याला शिवीसारखा लागला.

हरभरा आला, रान आमच्याकडेच राहिलं. बायकोनं ओल्या हरभऱ्याची पेंडी तात्याला धाडली. त्यानं ती माझ्यादेखत म्हशीपुढं टाकली.

यंदा तण पुन्हा गुडघ्याला लागलंय. तात्या बांधावर येतो, एक तुरा उपटून चोळतो, दाणा भरलाय का बघतो आणि एकही शिवी न देता परत जातो. आज मी पंप पाठीला लावला. असल्या माणसाला चार दिवससुद्धा द्यायचे नाहीत.