यारीवाल्याची लेक आणि क्रॉसबोचं हँडल

आमच्या घरात भांडण बंद झालं आणि मला भीती वाटायला लागली.

लोकांचं उलटं असतं, मला माहीत आहे. पण आमचा तीस वर्षांचा संसार भांडणावरच चाललेला. भेंडी उभी चिरायची की आडवी, पंखा तीनवर की चारवर, नांदेडहून लातूरला जाताना बसमध्ये खिडकीशी कोणी बसायचं, कशावरूनही. मी एक बोलले की ह्यांचे चार तयार. मी यारीवाल्याची लेक, माझा आवाज जन्मापासून मोठा. विहीर खोदताना खालचा दगडमुरूम वर ओढायला जी यारी लावतात ना, ती माझे वडील नायगावच्या बाजूला गावोगाव घेऊन फिरायचे. साठ फूट खालच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची सवय आमच्या घरात सगळ्यांना. आणि हे पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारे, हळू बोलणारे. पण माझ्याबरोबर राहून त्यांचाही आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला होता.

निवृत्तीच्या आधीच ह्यांना नाद लागला तो क्रॉसबोचा. बंदुकीसारखा दस्ता आणि पुढे आडवं धनुष्य. कुठल्यातरी मित्राकडून जुना घेतला. तो मुळात शिकारीसाठी केलेला, म्हणजे ताण जबरदस्त. आता आपल्याकडे शिकार म्हणजे सरळ तुरुंगाची हवा, तेव्हा हे चिंध्या ठासून भरलेल्या पोत्यावर नेम धरायचे. लातूरला ह्यांच्यासारखेच तीनचार उद्योगी म्हातारे आहेत. महिन्यातून एका रविवारी हे पहाटेची बस धरून तिकडे जायचे आणि संध्याकाळी येऊन मला प्रत्येक बाण कुठं लागला ते सांगायचे. मी म्हणायचे, "अहो, पोतं मेलं का एकदाचं?" झालं, भांडण सुरू.

मागच्या दिवाळीला हे पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि पडले. उजव्या खांद्यातली शीर तुटली. लातूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं करा, हात चालता ठेवा, पण जोर लावून काही ओढायचं नाही. ह्या धनुष्याची दोरी ताणायची म्हणजे पुढच्या रिकिबीत पाय अडकवून दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढावी लागते. म्हणजे ते संपलंच. ह्यांनी क्रॉसबो चादरीत गुंडाळून कपाटावर टाकला आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: "बरं."

पंखा चारवर करू? बरं. लातूरहून फोन आलाय, घ्या. सांग झोपलेत. बरं, चहा टाकू? बरं.

मी काय काय नाही केलं! मुद्दाम अळणी पिठलं केलं. खाल्लं. भेंडी उभी चिरली, तीही खाल्ली. मॅच चालू असताना रिमोट घेऊन मालिका लावली, तर हे उठून गॅलरीत जाऊन बसले. माणूस समोर बसलेला आणि घर ओसाड. सहा महिने. एकदा मी मोरीत नळ सोडून रडले, खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस मीच क्रॉसबो खाली काढला. म्हटलं, दोरी मी ओढून देईन, नेम तुम्ही धरा. गॅलरीत पाय रोवून ओढला. दोरी चार बोटं सरकली आणि माझ्या कमरेत उसण भरली. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ठेव ते." एवढंच. अरे, हसा तरी!

कंबर धरून बसले होते तेव्हाच यारी आठवली. एक टन दगड काय माणसं हातानं उचलतात होय? हँडल फिरवतात, दातेरी चाक फिरतं, दोर गुंडाळला जातो. मग ह्या पिटुकल्या दोरीचं काय घेऊन बसलाय?

जुन्या नांदेडात एक लेथवाले चाचा आहेत. माझ्या वडिलांच्या यारीची चाकं त्यांनीच कापून दिलेली, तेव्हा चाचा तरणेताठे होते. आता दाढी पांढरी, चष्म्याला दोरा. मी चादर सोडली तशी चाचांनी क्रॉसबो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, जावयावर एवढा राग कायको?"

मी सगळं सांगितलं. खांद्याचं, आणि "बरं"चंही. चाचांनी धनुष्याची दोरी बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाले, "हँडल बनवणं अवघड न्हाई. बोलणं बनवायची मशीन आपल्याकडं न्हाई."

पंधरा दिवसांनी वस्तू तयार झाली. दस्त्याच्या मागे बसेल अशी छोटी लोखंडी पेटी. तिच्यात एक गुंडाळी, तिच्यावर दोन बारीक मजबूत दोर, टोकांना आकडे. आकडे धनुष्याच्या दोरीत मधोमध, दोन बाजूंना सारखे अडकवायचे आणि हँडल फिरवायचं. टक टक टक करत दोरी मागं येते आणि खटक्यात बसते. दातेरी चाक उलटं फिरू नये म्हणून एक लोखंडी जीभ असते, कारागीर तिला कुत्रं म्हणतात. चाचांनी सगळं दोनदा करून दाखवलं, आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ताणलेलं उतरवायचं आसंल तर ध्यान दे. कुत्रं उचललं तरी हँडल सोडायचं न्हाई. धरून, हळूहळू."

"चाचा," मी म्हटलं, "मी कुणाची लेक हाय?"

"म्हणून तर सांगून राहिलो," चाचा म्हणाले.

एप्रिलातली सकाळ. माझ्या भावाच्या नायगावच्या शेतात हरभरा निघून गेलेला, रान मोकळं. ह्यांना मी कशासाठी नेतेय ते सांगितलं नव्हतं. बांधाला पोतं टेकवलं, पिशवीतून पेटी काढली. ह्यांनी ती हातात घेतली, हँडल फिरवून पाहिलं, चाकाचे दात मोजल्यासारखे न्याहाळले. नकाशेवाल्या माणसाचे डोळे, ते जरा जागे झाले. मला वाटलं, आता बोलतील. "चाचांनी केलं?" एवढंच विचारलं. कसं चालवायचं ते मी सांगितलं, उतरवताना हँडल सोडायचं नाही हे चाचांचं बजावणंही.

दोरी ताणली. हात मुळीच दुखला नाही, तोंडावरून कळत होतं. पहिला बाण पोत्याच्या काठाला, दुसरा जरा आत. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "अहो, कसं काय?"

म्हणाले, "बरं हाय."

माझं डोकंच फिरलं. पंधरा दिवस मी लेथवाल्याच्या दुकानात खेटे घातले, कंबर मोडून घेतली, आणि बरं हाय!

ह्यांनी तिसऱ्यांदा ताणलं, बाण ठेवला आणि तेवढ्यात पोत्यामागच्या बांधावर म्हशी आल्या. एक, दोन, पाच. त्यातली एक तर तिथंच बसली. ह्यांनी बाण काढून घेतला. म्हणाले, "जाऊ दे त्यांना, मग मारू."

"ताणलेलं धरून किती वेळ उभे राहणार? उतरवू."

"थांब. चाचा काय म्हणाले होते?"

"मला नका शिकवू. असली हँडलं मी परकर घालायच्या वयापासून फिरवलीत."

आकडे परत अडकवले. हँडलवर हात घट्ट ठेवला, ह्यांना म्हटलं, खटका सोडा. त्यांनी सोडला. सगळा ताण माझ्या हातात आला, बरोबर पेलला. आता हळूहळू मागं फिरवायचं, बस. पण यारीवर बकेट रिकामी करून खाली सोडताना आम्ही काय करायचो? कुत्रं उचलायचं आणि हात काढून घ्यायचा. हँडल गरगर फिरतं, बकेट धाडकन खाली. ते हातात इतकं बसलेलं, की डोकं मध्ये आलंच नाही. मी कुत्रं उचललं आणि हात काढला.

हँडल फिरलं ते दिसलंसुद्धा नाही. आणि मी काय केलं असेल? ते धरायला गेले! मनगटावर असा फटका बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कट् असा आवाज माझ्याच हाताचा, हे कळायला थोडा वेळ लागला. मी हरभऱ्याच्या खुंटांत फतकल मारून बसले. म्हशी आपल्या बघत होत्या.

भावानं गाडी काढली. नांदेड येईपर्यंत हे पुढच्या सीटवर एक शब्द बोलले नाहीत. मला दुखण्यापेक्षा त्याचंच रडू येत होतं. बरं करायला गेले आणि हे करून बसले. वाटलं, आता हा माणूस क्रॉसबोला काय, दाराच्या कडीलाही हात लावायचा नाही.

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी रांग होती. बाकावर बसलो. समोर दहाबारा माणसं, कुणाचा पाय, कुणाचा गुडघा. कंपाउंडरनं विचारलं, "मावशी, कसं झालं?" मी म्हटलं, "घसरून पडले."

आणि हे उठले.

"घसरून? घसरून कुठं! खोटं बोलून राहिली ही!" अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. "चाचानं बजावलं, हँडल सोडू नको. मी म्हटलं थांब. थांबली का? न्हाई! यारीवाल्याची लेक ना! डोकं हाय का खोकं? एक साधं हँडल धरून ठेवता येत न्हाई आन् तीस वर्षं मला शिकवती भेंडी कशी चिरायची! आन् उभी चिरलीस परवा, मी काय आंधळा हाय? आन् ते पिठलं! आरं, मीठ महाग झालं का काय?"

दोन्ही हातांनी हातवारे करून बोलत होते. दोन्ही. उजवा खांद्याच्या वर जात होता आणि त्यांचं तिकडं ध्यानच नव्हतं.

कंपाउंडर धावत आला. "काका, काका, हळू. मावशींना लागलंय, बघा त्या रडायला लागल्या."

मी चांगल्या हातानं त्याची बाही धरली.

"असू दे रे बाबा," मी म्हटलं. "मधी नको बोलू. सहा महिन्यांनी भांडून राहिलेत."